बांबूच्या बनातील वीरांगना

बांबूचे उंच, घनदाट बन. पानांच्या दाटीतून उन्हाचे तिरपे किरण खाली उतरत आहेत. इतक्यात एक तरुणी उंच उसळते आणि तलवार रोखून वरून शत्रूवर विजेसारखी झेपावते. पडद्यावरचा हा प्रसंग काही मिनिटांतच संपतो. पण त्याच्या चित्रणासाठी तब्बल 25 दिवस लागले होते!

हा प्रसंग ज्यांनी रचला ते दिग्दर्शक म्हणजे हू जिनच्युआन. जग त्यांना ‘किंग हू’ या नावाने ओळखते. त्यांचा जन्म 1932 साली बीजिंग येथे झाला. गायन, अभिनय आणि कसरत यांचा मनोहर मेळ असलेल्या चिनी संगीतनाटकांचे ते शहर माहेरघर होते. त्या नाटकांची गोडी हू यांना बालपणीच लागली.

1949 साली ते हाँगकाँगला आले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी जाहिरातींची कामे केली, इंग्रजीच्या शिकवण्याही केल्या. पुढे चित्रपटांचे देखावे सजविता सजविता ते अभिनय आणि दिग्दर्शन शिकले.

लढाई म्हणजे नृत्यच, असे त्यांचे मत होते. म्हणूनच 1966 च्या ‘कम ड्रिंक विथ मी’ या चित्रपटात वीरांगनेचे काम त्यांनी नृत्य शिकलेल्या चेंग पेइ-पेइ या तरुणीस दिले. नंतर ते तैवानला गेले. तेथे 1967 साली आलेला ‘ड्रॅगन इन’ अतिशय लोकप्रिय झाला.

त्यानंतर ‘अ टच ऑफ झेन’ हा चित्रपट त्यांनी कित्येक महिने खपून तयार केला. आरंभी वर्णिलेला प्रसंग त्यातलाच. पात्रांच्या उड्यांची अगदी क्षणभराची दृश्ये ते एकापुढे एक जोडीत. त्यामुळे माणसे जणू वाऱ्यावर तरंगतात असा भास होई. परंतु 1970 व 1971 साली तैवानमध्ये दोन भागांत दाखविलेल्या या चित्रपटाकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली. हाँगकाँगमध्ये तर तो काटछाट करून दाखविण्यात आला. एवढ्या श्रमांचे हेच का फळ?

हू खचले नाहीत. त्यांनी सुमारे तीन तासांचा संपूर्ण चित्रपट पुन्हा सिद्ध केला. 1975 साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात तांत्रिक श्रेष्ठत्वाबद्दल त्याचा गौरव झाला.

14 जानेवारी 1997 रोजी तैपेई येथे हू यांचे निधन झाले. पुढे तैवानचे दिग्दर्शक अँग ली यांनी 2000 सालच्या आपल्या चित्रपटात बांबूच्या बनातील लढाई रंगवून या पूर्वसूरीस जणू वंदनच केले. उतावळेपणाने केलेले काम लवकर विसरले जाते. जीव ओतून केलेले काम मात्र उशिरा का होईना, आपली वाट शोधतेच.

स्वाध्याय

1. चेंग पेइ-पेइ यांची निवड हू यांनी का केली?
2. ‘हू खचले नाहीत’ असे लेखकाने का म्हटले आहे?
3. ‘पाठ फिरविणे’, ‘जीव ओतणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत योजा.