जर्मनीतला मालक इथला इलेक्ट्रिशियन कसा नेतो?

प्रश्न : जर्मनीत माणसं मिळत नाहीत, भारतातून बोलावतात, असं सतत वाचनात येतं. पण तिथल्या एखाद्या लहान कारखानदाराला आपल्याकडचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन हवा असेल, तर तो त्याला शोधतो कसा आणि नेतो कसा? आमच्या भागातला एक एजंट या कामाचे तीन लाख मागतो आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : आधी गरज कुणाची आहे, ते पाहू. 1950 आणि 60च्या दशकांत जन्मलेली मोठी पिढी जर्मनीत आता निवृत्त होते आहे आणि तिची जागा घ्यायला तेवढी तरुण मुलं नाहीत. दर वर्षी बाहेरून सुमारे चार लाख माणसं लागतील, असं तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी 2021मध्येच सांगितलं होतं. ऑक्टोबर 2024मध्ये भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाला 20 हजारांऐवजी 90 हजार व्हिसा देण्याचं जर्मनीनं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला.

आता शोधण्याबद्दल. मोठ्या कंपन्यांची माणसं पुण्या-बंगळूरूत असतातच. लहान मालकाला मात्र कुणाचा तरी आधार लागतो. तो रोजगार संस्थेच्या परदेशी भरती विभागाकडे जातो, 'मेक इट इन जर्मनी' या सरकारी पोर्टलची मदत घेतो किंवा आपल्या व्यवसायाच्या मंडळाला गाठतो. स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या गावांत खाटिकांच्या दुकानांना शिकाऊ मुलं मिळेनात, अशा वेळी भारतातल्या एका भरती संस्थेनंच फ्रायबुर्गच्या कारागीर मंडळाशी संपर्क साधला. 2022मध्ये 13 भारतीय तरुण तिथे शिकायला रुजू झाले.

माणूस ठरला की खरी कसोटी येते ती प्रमाणपत्राची. जर्मनीत इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, आपल्या आयटीआयचं दोन वर्षांचं. त्यामुळे आपलं प्रमाणपत्र तिथे बहुधा अर्धवटच ग्राह्य धरलं जातं. पूर्वी इथेच गाडं अडायचं. मार्च 2024पासून एक नवी वाट खुली झाली आहे. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण आणि जर्मन भाषेची 'ए2' पातळी असेल, तर मालकाशी करार करून कामगार आधी जर्मनीत जाऊ शकतो आणि पगारी काम करत असतानाच प्रमाणपत्राची मान्यता पूर्ण करू शकतो. त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर या अटीत बसतात. वेल्डरचा ट्रेड एकच वर्षाचा असल्यानं तेवढ्यावर तो बसत नाही. घरात कुणी आयटीआयला जाणार असेल, तर ट्रेड निवडतानाच हे लक्षात घ्या.

यापुढची धावपळ मालकाची. कामगारानं दिलेल्या अधिकारपत्रावर तो आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रियेसाठी अर्ज करतो. त्याचं शुल्क 411 युरो. रोजगार संस्था पगार आणि कामाच्या अटी तपासते. त्याच कामाच्या जर्मन कामगारापेक्षा त्या हलक्या असतील, तर परवानगी मिळत नाही. सगळं जुळलं की कार्यालय पूर्वसंमती देतं. मालक ती इथे पाठवतो आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत व्हिसासाठी मुलाखतीची तारीख मिळणं अपेक्षित असतं.

पण माणूस विमानातून उतरला म्हणजे भरती झाली, असं समजणारे मालक हात पोळून घेतात. भाडेकरार, पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं, आरोग्य विमा हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच उरकावं लागतं आणि सगळे कागद जर्मनमध्ये. शहाणा मालक खोली आधीच ठरवून ठेवतो, कामावरच्याच एका जुन्या माणसाला नव्या मुलाच्या सोबतीला देतो आणि भाषेच्या वर्गासाठी कामाच्या वेळेत सवड देतो. हे न करणाऱ्याकडे माणूस टिकत नाही. तो दुसरीकडे जातो किंवा परत येतो. 1 जानेवारी 2026पासून तर परदेशातून आणलेल्या कामगाराला मोफत कायदेशीर सल्ला कुठे मिळतो, हे कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत सांगणं तिथल्या मालकांवर बंधनकारक आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे : टंचाई मालकाची आहे, तेव्हा भरतीचा खर्चही त्यानंच उचलावा. हे होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच देशाच्या दक्षिणेत आहे. जर्मनीच्या 'ट्रिपल विन' योजनेत केरळमधल्या नर्सेस राज्य सरकारच्या 'नोर्का रूट्स'मार्फत जातात. भाषेच्या शिक्षणाचा आणि निवडीचा खर्च त्यांच्याकडून घेतला जात नाही. कर्ज काढून गेलेला मुलगा वाईट मालकाची नोकरीही सोडू शकत नाही, कारण त्याच्या मानेवर हप्ते असतात. गावाकडे जमीन गहाण पडलेली असते आणि ही गोष्ट तिथला नाठाळ मालक बरोबर ओळखतो.

आपल्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंट कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. तीन लाख हा आकडा त्यात कुठेच बसत नाही.

एजंटकडे चार गोष्टी मागा : त्याचा नोंदणी क्रमांक (तो 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर पडताळून पाहा), मालकाचं नाव-पत्ता असलेला नोकरीचा लेखी करार, पगाराचा करकपातीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा, आणि भाषेच्या वर्गाचा खर्च कोण करणार याचं लेखी उत्तर. यातली एकही गोष्ट द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर उठून या. दरम्यान जर्मन शिकायला लागा. 'ए2'पर्यंतची भाषा कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडेल.