मॅनहोलच्या तोंडाशी

तेल-वायूच्या टाक्या आणि व्हेसल साफ करणाऱ्या टोळ्यांबरोबर मी 26 वर्षं काढली. थोडी कोकणपट्टीत, बरीचशी आखातात. शटडाउनला आलेल्या नव्या पोरांना जे तोंडी सांगतो, ते इथे लिहून ठेवतो.

1. नाकावर भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून पुढे सरकणारा माणूस कित्येकदा जास्त गॅसकडे चाललेला असतो. नायट्रोजनला तर वासच नाही.

2. आधी ऑक्सिजन मोजा, मग पेटणारा गॅस, मग विषारी. ऑक्सिजन कमी असला की पेटणाऱ्या गॅसचा नेहमीचा सेन्सर कमी आकडा दाखवून फसवतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर आत पाऊल नाही. मीटरची नळी वरपासून तळापर्यंत सोडा. मिथेन वर जातो, हायड्रोजन सल्फाइड खाली साचतो.

3. कच्च्या तेलाच्या टाकीतला काळा गाळ ओला ठेवा. त्यात लोखंडाचं सल्फाइड असतं. ते सुकलं की हवेत आपोआप पेटतं.

4. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून लाइन बंद समजू नका. लाइनमध्ये आडवी बसणारी पोलादी चकती, म्हणजे ब्लाइंड, मारलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे मी कुठे शिकलो ते पुढे.

5. माझं तिसरं वर्ष. आखातातलं काम, उभं व्हेसल. आत पडलेलं गॅस्केट उचलायला एक फिटर उतरला. दोन मिनिटांचं काम, म्हणून कुणी मीटर लावला नाही. तळाला पोचला आणि दमून बसावा तसा खाली बसला. त्याचा जोडीदार हाका मारत शिडीवरून उतरला. तोही त्याच्याशेजारी कोसळला. तिसरा मी होतो. एक पाय आत गेलाही होता. फोरमनकाकांनी कॉलर धरून मला मागे ओढलं. मी त्यांना शिवी हासडली, हात चावायला गेलो. त्यांनी सोडलं नाही. श्वासाच्या हवेचा बीए सेट लावलेली माणसं येईपर्यंत दोघंही गेले होते. ब्लाइंड नसलेल्या लाइनचा व्हॉल्व्ह गळत होता, आत नायट्रोजन भरला होता.

अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने 1986 साली लिहिलं की, अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. ते वाचलं तेव्हा मला आकडा दिसला नाही, तो जोडीदार दिसला.

6. म्हणून होल वॉचला, म्हणजे मॅनहोलच्या तोंडाशी पहाऱ्याला, बसणारा पोरगा मी स्वतः निवडतो. त्याने जागा सोडायची नाही, मोबाइल पाहायचा नाही आणि काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. रेडिओवर हाक द्यायची, विंच फिरवायची. माणूस आत सोडण्याआधी हार्नेसला वाळूची गोणी बांधून त्याच्याकडून ती तळापासून वर ओढून घेतो. गोणी मॅनहोलमधून नीट बाहेर आली, तरच परमिटवर सही करतो.