तलवार म्यान करा!

प्रश्न : आम्ही पाच मित्र बरेच दिवस 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं रंगवायचा खेळ खेळतोय. आता त्याच प्रकारातला, पण भयकथेचा 'कॉल ऑफ कथुलू' खेळून बघायचं आहे. पण जाडजूड नियमपुस्तक पाहूनच दोघं कुरकुरताहेत. काय करावं?

उत्तर : पुस्तक सगळ्यांनी वाचायची गरजच नाही. खेळ चालवणाऱ्याने वाचावं, बाकीच्यांना खेळता खेळता कळतं. प्रकाशक केऑसियमचं मोफत क्विक-स्टार्ट उतरवून घ्या. त्यातली 'द हॉन्टिंग' ही गोष्ट एखाद-दोन बैठकींत संपते. पात्रं मात्र आधीच तयार ठेवा, नाहीतर पहिली संध्याकाळ आकडेमोडीतच जाते.

फासे इथे उलटे चालतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये वीस बाजूंच्या फाशावर मोठं दान हवं. इकडे शंभरात आपल्या कौशल्याइतकं किंवा त्याहून कमी. शोध घेण्याचं कौशल्य ५० आहे आणि ३७ पडले, तर खणातली चिठ्ठी सापडली. ७२ पडले, तर बसा हात चोळत!

खरी अडचण सवयीची. तुमची मंडळी राक्षस दिसला की तलवार उपसणार. १९८१ साली आलेल्या या खेळात तसं केलं, तर पात्र बहुधा मरतं किंवा त्याला वेड लागतं. पळ काढणं हीच हुशारी, हे सुरुवातीलाच बजावा. गोष्ट संपल्यावरही त्या दोघांची कुरकुर राहिली, तर सक्ती करू नका.