हातचे कसब

महाड आणि पोलादपूर हा आपला डोंगराळ मुलूख. पाऊस दांडगा, पण शेत थोडे. भात, नाचणी, वरी पिकते. ती वर्षभर पुरत नाही. म्हणून आपली माणसे मुंबईला जातात. तिकडून पैसे येतात, तेव्हा इकडे घर चालते.

सन 2020 मध्ये करोनाची साथ आली. 25 मार्चपासून सगळ्या देशात टाळेबंदी झाली. कारखाने बंद, दुकाने बंद, गाड्या बंद. मुंबईची माणसे गावी परतली. कोणी तर पायी आले. पण गावात काम कुठले?

पूर्वीही असे घडले होते. 1896 साली मुंबईत प्लेग आला. तेव्हाही गिरण्यांतली माणसे कोकणात पळून आली होती.

समजा, एक दादा आहे. मुंबईत तो दुकानात माल उचलायचा. टाळेबंदीत त्याचे काम गेले. तो गावी बसून राहिला. शेजाऱ्याचीही नोकरी गेली. पण शेजारी वायरमनचे काम शिकलेला. तो गावातले पंप दुरुस्त करू लागला. चार पैसे मिळू लागले. 22 जुलै 2021 ला पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. पाणी ओसरले, तेव्हा शेजाऱ्याला डोके वर काढायला फुरसत नव्हती.

दादाची बायको म्हणाली, "अहो, भावजींची नोकरी गेली, पण कसब गेले नाही. तुम्हीही काही शिका की!"

दादा म्हणाला, "आता ह्या वयात? शाळा तर चौथीतच सुटली. मला कोण शिकवणार?"

शिकवणारे आहेत. 1967 साली मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ निघाले. कामकरी माणसांना धंदा शिकवावा, हा त्याचा हेतू. पुढे देशात अशा पुष्कळ संस्था झाल्या. त्यांना आता जन शिक्षण संस्थान म्हणतात. रायगड जिल्ह्यातही ते आहे. नवसाक्षर आणि थोडी शाळा शिकलेली माणसे तेथे शिकतात. त्यांत बायकांचा भरणा मोठा. फी अगदी थोडी असते. पुष्कळांना ती माफही असते.

दुसरी सोय बँकेची. अलिबागला बँक ऑफ इंडियाची स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकवणे फुकट, राहणे-जेवणही फुकट. अशा संस्थांत शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती असे धंदे शिकवतात. काही वर्ग दहा दिवसांचे, तर काही महिन्याहून जास्त. पुढे कर्जाचा अर्ज करायलाही मदत मिळते.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. वर्ग कधी आहे, वयाची अट काय, हे आधी विचारा. नाव घालून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

शिकले की लगेच नोकरी मिळतेच, असे नाही. कर्ज घेतले तर ते फेडावे लागते. पण कसब अंगी असले, की माणूस अगदी रिकामा बसत नाही. मुंबई असो की गाव, ते आपल्याबरोबर येते.

दादाने अर्ज आणला. एकेक अक्षर लावून वाचला. खाली अंगठा नाही उठवला, सही केली. बायको म्हणाली, "आणखी एक अर्ज आणा. मलाही शिवण शिकायचे आहे."

प्रश्न
1. शेजाऱ्याला गावात काम का मिळाले?
2. सही करण्याआधी काय करावे?
3. तुम्हाला कोणते काम शिकावेसे वाटते? दोन ओळी लिहा.