छापील पान आणि पडद्यावरचे पान

आज सगळी पाठ्यपुस्तके एका मोबाइलमध्ये मावतात. मग दप्तराचे ओझे वाहायचे कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडत असेल. तरीही परीक्षा जवळ आली की अनेकजण छापील पुस्तकच हाती घेतात. ही नुसती सवय आहे, की तिच्यामागे काही शास्त्रीय कारण आहे? पाहू या.

पान दिसते कसे?

छापील पानाला स्वतःचा प्रकाश नसतो. कागद म्हणजे सेल्युलोजच्या बारीक तंतूंचे जाळे होय. त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. शाईतील काजळीचे कण मात्र तो शोषून घेतात. म्हणून पांढऱ्यावर काळे अक्षर उठून दिसते.

समजा, पडलेल्या प्रकाशापैकी कोरा कागद १०० पैकी ८० भाग परत पाठवतो आणि शाई ५ भाग. खोलीतील प्रकाश १०० एकके धरला, तर पांढऱ्याचे काळ्याशी गुणोत्तर ८० : ५, म्हणजे १६ येते. आता पुस्तक उन्हात न्या. प्रकाश १०,००० एकके झाला, तर गुणोत्तर ८,००० : ५००, म्हणजे पुन्हा १६ च! प्रकाश कमीजास्त झाला तरी अक्षराचा उठाव बदलत नाही.

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. समजा, पांढरा भाग ३०० एकके देतो व काळा भाग १. शिवाय वरची काच बाहेरच्या प्रकाशाचे १०० पैकी ५ भाग परावर्तित करते आणि ते काळ्या-पांढऱ्या दोन्ही भागांत मिसळतात. खोलीत गुणोत्तर ३०५ : ६, म्हणजे सुमारे ५१ येते. येथे पडदा कागदावर मात करतो! पण उन्हात ते ८०० : ५०१, म्हणजे जेमतेम १.६ उरते. उन्हात मोबाइलवरचे अक्षर पुसट का होते, ते आता लक्षात येईल. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात ते पडद्यागणिक बदलतील.)

ई-कागदाची युक्ती

तर मग दोष पुस्तकाच्या डिजिटल स्वरूपाचा, की चकाकणाऱ्या पडद्याचा? याचे उत्तर ई-कागदाने दिले आहे. किंडलसारख्या वाचनयंत्राच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असून त्यात पांढरे व काळे कण तरंगतात. दोन्हींवरचे विद्युत्भार परस्परविरुद्ध असतात. विद्युत्क्षेत्राची दिशा बदलली की कधी पांढरे कण वर येतात, कधी काळे. एकदा वर आलेले कण तेथेच राहतात. त्यामुळे वीज प्रामुख्याने पान बदलतानाच लागते. हे पान छापील पानाप्रमाणेच बाहेरच्या प्रकाशात वाचता येते. म्हणजे प्रकाशाची अडचण पदार्थविज्ञानाने बऱ्याच अंशी सोडवली आहे.

अक्षराची जागा

पण आणखी एक गोष्ट आहे. ‘ती व्याख्या डाव्या पानावर, आकृतीच्या खाली होती,’ असे तुम्हांला परीक्षेत कधी आठवले आहे का? छापील पुस्तकात प्रत्येक वाक्याला ठरलेली जागा असते. किती वाचले आणि किती उरले, हे पानांच्या जाडीवरून हातालाही कळते. मोबाइलवर मजकूर वर सरकतो, अक्षर मोठे केले की ओळी बदलतात, आणि जागेची खूण पुसली जाते.

नॉर्वेमध्ये दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींनी उतारे कागदावर वाचले, काहींनी संगणकाच्या पडद्यावर. आकलनाच्या चाचणीत कागदावर वाचणारे सरस ठरले. पुढे २०१८ साली अशा ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. माहितीपर मजकूर वाचताना कागदाचे पारडे जड होते आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढत होता. केवळ गोष्टी वाचताना तो दिसला नाही.

ई-कागदाचे काय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५० जणांनी एक रहस्यकथा वाचली, निम्म्यांनी किंडलवर व निम्म्यांनी छापील पुस्तकात. बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट सारखे होते. पण घटना क्रमाने लावण्यात छापील पुस्तकाचे वाचक पुढे होते. अक्षराची निश्चित जागा हे यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

मग ई-पुस्तक टाकाऊ का? मुळीच नाही. एखादा शब्द शोधायला, दृष्टी अधू असणाऱ्याला अक्षर मोठे करून द्यायला, अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवायला ते फार उपयोगी आहे. मात्र गतीचे नियम किंवा एखादी सिद्धता नीट समजून घ्यायची असेल, तेव्हा छापील पान समोर ठेवणे हिताचे.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने सारख्या काठिण्याचे दोन अपरिचित माहितीपर उतारे निवडा. वर्गाचे दोन गट करा. पहिला उतारा एका गटाने कागदावर वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर. वेळ सारखाच द्या. नंतर उतारा न पाहता दहा प्रश्नांची उत्तरे लिहा. त्यांतील दोन प्रश्न मुद्द्यांच्या क्रमाविषयी असावेत. दुसऱ्या दिवशी दुसरा उतारा घेऊन गटांची अदलाबदल करा आणि गुणांची सरासरी काढा.

अदलाबदल केली नाही, तर निष्कर्षात कोणती चूक शिरेल? याचे उत्तर तुम्हीच शोधा.