पृथ्वीभरचा लपंडाव

लहानपणी आपण सर्वांनी लपंडाव खेळला आहे. एकाने डोळे मिटून आकडे मोजायचे. बाकीच्यांनी कणगीमागे, गोठ्यात, माळ्यावर लपायचे. आज आपण एका निराळ्या लपंडावाची माहिती घेऊ. या खेळात माणूस लपत नाही, डबा लपतो. लपवणारा एका देशातला असतो, शोधणारा दुसऱ्या देशातून येतो. दोघांची तोंडओळखही नसते. तरी खेळ चालतो. तो कसा चालतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. रोख पैशाला आपण कॅश म्हणतो, ती ही नव्हे, बरं का! कोणी तरी एक डबा लपवतो. डबा कोठे आहे ते आकड्यांत लिहून इंटरनेटवर जाहीर करतो. इतरांनी ते आकडे घेऊन तो शोधायचा. आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. सातही खंडांत ते आहेत. भारतातही आहेत, पण थोडे.

खेळ कसा सुरू झाला

जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे काही उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात. ते सारखे संदेश पाठवीत असतात. आपल्या हातातले यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश घेते आणि आपण कोठे उभे आहोत ते सांगते. या व्यवस्थेला जी. पी. एस. म्हणतात. आजकालच्या मोबाईलमध्ये ती असतेच.

ही व्यवस्था मुळात सैन्यासाठी होती. सामान्य माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम थोडा बिघडवलेला असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी हा मुद्दामचा बिघाड बंद झाला. चूक दहा-वीस मीटरांवर आली.

लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे २००० रोजी, अमेरिकेतील ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी गंमत केली. बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात त्यांनी एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत वही व पेन्सिल ठेवली. शिवाय पुस्तके, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक सीलबंद डबा ठेवला. मग जागेचे आकडे जाहीर केले आणि नियम सांगितला : काही घ्या, काही ठेवा, आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन माणसांनी ती बादली शोधून काढली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळासाठी इंटरनेटवर एक ठिकाण उघडले. तेव्हा त्यांच्या यादीत फक्त ७५ डबे होते.

खेळ नवा असला तरी कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचे ओसाड माळरान आहे. तेथे १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दूरच्या तळ्याजवळ बाटली ठेवली. जो कोणी चालत तेथवर जाई, तो आपल्या नावाची चिठ्ठी त्या बाटलीत टाकी. 'मी येथवर आलो होतो' हे सांगण्याची हौस माणसाला पूर्वीपासून आहे.

जागेचे आकडे

अल्मर यांच्या बादलीचे आकडे असे होते : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे.

घाबरू नका. सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना? तसाच हा पृथ्वीवरच्या जागेचा नंबर. पहिला आकडा विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, ते सांगतो. दुसरा आकडा इंग्लंडमधील ग्रीनिच येथून जाणाऱ्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, ते सांगतो. आपली मुंबई उत्तर १९ अंश आणि पूर्व ७३ अंश यांच्या जवळ आहे.

येथली मिनिटे घड्याळाची नव्हेत. एका अंशाचे साठ भाग केले, की एकेका भागाला मिनिट म्हणतात. उत्तर-दक्षिण मोजताना एक अंश चुकला, तर आपण सुमारे १११ किलोमीटर दूर जातो. एक मिनिट चुकले, तर सुमारे १,८५० मीटर दूर. अगदी शेवटचा आकडा एकाने चुकला, तर दोन मीटरही नाही. म्हणून पुढचे आकडे आधी नीट वाचावेत. अक्षर वाचताना एखादी मात्रा सुटली तर अर्थाने सावरून घेता येते. आकड्याला तसा आधार नसतो.

वहीतले नाव

डबा सापडला, की तो उघडायचा. आतल्या वहीत आपले नाव आणि तारीख लिहायची. डबा होता तसा, होता तेथेच ठेवायचा. मग इंटरनेटवर 'सापडला' असे कळवायचे. पण नुसते कळवून भागत नाही. वहीत नाव नसेल, तर डब्याचा मालक ते कळवणे खोडून टाकू शकतो. फोन मोठा असो की लहान, पुरावा शेवटी वहीतल्या अक्षराचा.

आम्ही रात्रीच्या वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका आजींनी विचारले, "गुरुजी, त्या वहीत अंगठा चालतो का?"

आम्ही म्हटले, "आजी, तिकडच्या रानात तुमचा अंगठा कोण ओळखणार? नावच लिहावं लागतं."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाटी पुढे ओढली. त्या रात्री त्यांनी आपले नाव सात वेळा लिहिले. पाचव्या वेळी वेलांटी चुकली. ती त्यांची त्यांनीच पुसली.

मग एका शेतकरी बंधूंनी विचारले, "उघड्यावर डबा ठेवला तर चोरीला नाही जायचा?"

जातो कधी कधी. खोटे कशाला सांगावे? म्हणूनच डब्यात मोलाची वस्तू ठेवत नाहीत. लहान खेळणे, मणी, बिल्ला अशा वस्तू असतात. एक उचलली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवावी. खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, कारण वासाने जनावरे डबा फोडतात. दारू, चाकू, फटाके, काड्यापेटी ठेवायची नाही, कारण डबा उघडणारा हात लहान मुलाचाही असू शकतो.

दूरची माणसे कशी जोडली जातात

या खेळात 'ट्रॅव्हल बग' नावाचा धातूचा छोटा बिल्ला असतो. आपण त्याला प्रवासी बिल्ला म्हणू. त्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. मालक तो एखाद्या खेळण्याला अडकवून डब्यात ठेवतो आणि त्याची इच्छा लिहितो. उदाहरणार्थ, 'मला समुद्र पाहायचा आहे.' जो खेळाडू समुद्राकडे निघाला असेल, तो बिल्ला बरोबर नेतो व वाटेतल्या दुसऱ्या डब्यात ठेवतो. तेथून तिसरा नेतो. प्रत्येक जण क्रमांक पाहून 'येथून उचलला, तेथे ठेवला' असे कळवतो. मालक घरी बसून त्याचा प्रवास पाहतो.

पूर्वी माहेरचा निरोप असाच यायचा. बाजाराला आलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगायचा, त्याने तिसऱ्याला. निरोप कोणी आपल्या खिशात ठेवून घेत नसे. बिल्लाही ठेवून घ्यायचा नसतो. पण काही जण विसरतात, काहींना मोह होतो, आणि बिल्ल्याचा प्रवास तेथेच संपतो. २००८ साली रिचर्ड गॅरियट यांनी तर असा बिल्ला अवकाशात, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नेला.

गावाने मिळून डबा ठेवायचा तर

एकट्याने डबा ठेवता येतो. पण चार जण मिळून ठेवला तर तो टिकतो. कामे अशी वाटून घ्यावीत.

१. माणसे. एकाने लिहावे, एकाने आकडे मोजावेत, एकाने परवानगी आणावी. निदान दोघांनी फेरी मारून डबा पाहावा.

२. जागा. चालत जाण्याजोगे काही तरी तेथे असावे. जुनी बारव, मोठा वड, जेथून खोरे दिसते असा चढ. शाळा, रेल्वे, पूल, धरण, विजेची पेटी यांच्या जवळ डबा ठेवू नये. उभ्या पिकातून वाट जाऊ नये. बिळात किंवा दगडांच्या फटीत हात घालावा लागेल अशी जागा नको; आपल्याकडे तेथे साप-विंचू असतात.

३. परवानगी. जमीन ज्याची, त्याची परवानगी आधी. ती लेखी असावी. सरकारने संरक्षित केलेला किल्ला, लेणे किंवा देऊळ असेल, वनखात्याची जमीन असेल, तर त्या त्या खात्याने होकार दिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

४. डबा. झाकण घट्ट बसणारे, पाणी आत न शिरणारे असावे. हा खेळाचा डबा आहे असे बाहेर स्पष्ट लिहावे. डबा पुरायचा नाही. पहिली बादली अर्धवट पुरली होती खरी, पण आता तशी मनाई आहे. शोधणारे जागोजाग खणू लागले तर रानाची वाट लागेल. झाडाला खिळाही मारायचा नाही.

५. आकडे. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा मोजावेत व ताडून पाहावेत.

६. माहिती. त्या जागेची हकिकत आपल्या शब्दांत लिहावी. बारव कोणत्या दगडाची, पाणी केव्हा आटते, वाट कोठून. डबा शोधणे किती अवघड व वाट किती बिकट, हे १ ते ५ अशा आकड्यांनी सांगायचे असते.

७. तपासणी. ही माहिती जाहीर होण्याआधी खेळाचे स्वयंसेवक ती नियमांना धरून आहे की नाही हे पाहतात. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागते.

न सांगता ठेवला तर

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात वेदरबी नावाचे छोटे शहर आहे. तेथे २०११ च्या जुलैत भर बाजारात एक माणूस प्लॅस्टिकची डबी लपवताना दिसला. पाहणाऱ्याला संशय आला. पोलीस आले. रस्ता बंद झाला. बॉम्ब निकामी करणारे लष्करी पथक आले आणि त्यांनी ती डबी उडवून दिली. मग कळले, की ती खेळाची डबी होती.

कोणाचा वाईट हेतू नव्हता. पाहणाऱ्याने कळवले, तेही बरोबरच केले. चूक एवढीच, की आसपासच्या लोकांना काही ठाऊक नव्हते. आपल्या गावात असे झाले तर काय होईल, याचा विचार करा. यात्रेच्या दिवशी पारामागे अनोळखी माणूस डबा ठेवताना दिसला, तर आधी आरडाओरड होईल, मग कदाचित मारही बसेल. म्हणून ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलांना आणि शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगावे. खेळ लपवाछपवीचा असला, तरी परवानगी उघड घ्यावी.

राखण

गावात हातपंप बसतो त्या दिवशी नारळ फुटतो. वर्षाने वॉशर झिजला, की पंप कोणाचाच नसतो. डब्याचेही तसेच आहे. डबा ठेवणे हे एका दुपारचे काम. पावसाळ्यानंतर वही भिजली का पाहणे, ती बदलणे, फुटलेले झाकण नवे बसवणे, हे वर्षानुवर्षांचे काम. ज्याला ते जमणार नाही, त्याने डबा ठेवू नये. ठेवला असेल तर काढून घ्यावा आणि तसे जाहीर करावे. नाही तर दुरून आलेला माणूस उन्हात शोधत राहतो आणि हात हलवीत परत जातो. सोडून दिलेला डबा हा खेळ नव्हे, तो कचरा आहे.

कचऱ्यावरून आठवले. २००२ पासून या खेळाडूंनी एक चांगली चाल पाडली आहे. डबा शोधायला जाताना बरोबर रिकामी पिशवी न्यायची आणि येताना वाटेवरचा कचरा भरून आणायचा. ही चाल डबा न ठेवताही आपल्याला उचलता येईल.

ज्याला आपण कधी पाहणार नाही, अशा माणसासाठी डबा नीट ठेवायचा. आणि ज्याने तो ठेवला, त्याला न पाहता त्याचा मान राखायचा. सारा खेळ एवढ्यावर उभा आहे. सार्वजनिक विहीर, वाचनालयाचे पुस्तक, एस. टी.ची बाके यांनाही हाच नियम लागू आहे.

शब्दांचे अर्थ

उपग्रह – पृथ्वीभोवती फिरणारे यंत्र
विषुववृत्त – पृथ्वीच्या मधोमध मानलेली आडवी रेषा
स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा
बारव – पायऱ्यांची विहीर

प्रश्न

१. पहिली बादली कोणी, कोठे व केव्हा ठेवली?
२. डबा पुरायला आता मनाई का आहे?
३. प्रवासी बिल्ला जवळ ठेवून घेतला तर काय होते?
४. वेदरबी येथे कोणाचे काय चुकले? आपसात चर्चा करा.

करून पाहा

मोबाईलवर आपल्या गावच्या चावडीचे आकडे पाहा व पाटीवर लिहा. शेजाऱ्याकडून तपासून घ्या. मग गावातील पाहण्याजोग्या एका जागेची माहिती पाच ओळींत लिहा. खाली आपले नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.