इथेनॉलचे अनुदान : लाभ कुणाला, भार कुणावर?

ऊस, मका किंवा तांदूळ यांपासून काढलेले इथेनॉल आज आपल्या पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. सिंधुदुर्गात चालू साखर कारखाना नाही, मग मालवणच्या व्यापाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. परंतु कोंबडीविक्रेता, होडीवाला आणि इंजिनाचा मिस्त्री या तिघांच्याही हिशेबात हे इथेनॉल आले आहे. म्हणून हे गणित समजून घेणे जरूर आहे.

योजना कशी वाढली?

जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाला सुरुवात झाली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. पुढे ही मुदत २०२५-२६ वर आणली गेली. १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला गेला. परदेशी तेलाचा खर्च वाचावा आणि उसाचे थकलेले पैसे शेतकऱ्याला मिळावेत, हे यामागचे दोन मुख्य हेतू होत.

मदत तीन वाटांनी मिळते

१) व्याज : २०१८ च्या योजनेत इथेनॉल प्रकल्पाच्या कर्जावर वार्षिक ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल ते सरकार पाच वर्षे भरते. समजा, कर्ज १० कोटींचे आणि व्याज १० टक्के. निम्मे म्हणजे ५ टक्के, अर्थात पहिल्या वर्षी ५० लाख रुपये सरकारचे. व्याज १४ टक्के असेल तर निम्मे ७ होतात, पण मिळतात ६ टक्केच. ही मदत बँकेचे मोठे कर्ज घेणाऱ्यालाच मिळते. स्वतःच्या भांडवलावर चालणारा छोटा कारागीर किंवा व्याजापासून दूर राहणारा व्यापारी तिच्या कक्षेत येत नाही.

२) ठरलेला भाव : २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये, तर मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये भाव होता. खरेदीदार तेल कंपन्या असल्याने गिऱ्हाईक शोधण्याची चिंता नाही.

३) स्वस्त धान्य : जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २२.५० रुपये किलोने देण्याचे ठरले. खरेदी, वाहतूक व साठवण धरून हाच तांदूळ सरकारला सुमारे ४० रुपयांना पडतो. मधला फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे सर्वांच्या करातून जातो.

भार कुठे पडतो?

कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. दोन किलोची कोंबडी तयार होईपर्यंत सुमारे साडेतीन किलो खाद्य खाते. म्हणजे मका किलोमागे एक रुपया महागला की एका कोंबडीमागे सुमारे दोन रुपये खर्च वाढतो. एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाने २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात केला. उलट, धान्यातून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात येऊ लागल्याने सोयाबीन पेंडीची मागणी घटली. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा झाला.

दुसरा भार इंजिनावर. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. जुन्या बनावटीच्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे.

शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो आणि इंजिन नेमके तेच ओढते. मालवणसारख्या दमट किनाऱ्यावर पेट्रोलच्या आउटबोर्ड इंजिनांना हा धोका अधिक. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होडी उभी करताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. जुन्या रबरी नळ्या तपासून मिश्रणाला टिकणाऱ्या बसवाव्यात. मिस्त्री बांधवांनी हे काम शिकून घेतल्यास पावसाळ्यापूर्वीचा तो चांगला धंदा होईल.

एक सावधगिरी

अनुदानाची बाजारपेठ सरकारी आदेशावर चालते. ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेची टंचाई भासू नये म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. आठवडाभरात ती काहीशी सैल झाली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी उठवली गेली. कर्ज काढून प्रकल्प उभारणाऱ्यांचा जीव तेवढ्या काळात टांगणीला लागला. आपल्याकडे बोंडू वाया जातो, त्याचे इंधन का करू नये, असा प्रश्न अनेकदा निघतो. पण उसाला आणि मक्याला आहे तसा सरकारी भाव बोंडूच्या इथेनॉलला नाही. तेव्हा कुणी भागभांडवल मागायला आले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा : उद्या अनुदान बंद झाले, तर हा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहील काय? उत्तर हिशेबासह मिळाले, तरच पैसा गुंतवावा.